सल्ला आपल्याला, पैसे दुसरीकडून

२०१३ मध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना पुण्यातल्या एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला. बावस्कर म्हणजे विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर ओळखले गेलेले, आणि पुढे २०२२ मध्ये पद्मश्री मिळालेले डॉक्टर. त्यांनी एका रुग्णाला एमआरआय करून घ्यायला सांगितलं होतं. रुग्णाने तो त्या केंद्रात केला आणि केंद्राने रिवाजाप्रमाणे डॉक्टरांचा वाटा पाठवून दिला. बावस्करांनी तो चेक परत केला आणि वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली.

मला यातला चेक फार बोलका वाटतो. लाच चोरून, पाकिटातून दिली जाते. चेकवर नाव असतं, तारीख असते, बँकेचा शिक्का असतो. पाठवणाऱ्याला आपण काही लपवण्यासारखं करतोय असं वाटलंच नव्हतं, हे त्यातून दिसतं. आपल्याकडे याला 'कट' म्हणतात आणि डॉक्टरांइतकाच रुग्णांनाही हा शब्द माहीत असतो. 'तळे राखी तो पाणी चाखी' असं म्हणून आपण सोडून देतो.

सोडून देण्यात अडचण अशी, की डॉक्टरने एमआरआय सांगितला तो गरज होती म्हणून की वाट्यासाठी, हे त्यानंतर कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. रुग्णाला तर नाहीच, पण बऱ्याचदा डॉक्टरलाही नाही. नीतिशास्त्राच्या भाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी. तुमच्यावर विसंबून कुणीतरी निर्णय घेणार आहे किंवा त्याच्या वतीने तुम्हीच निर्णय घेणार आहात, ही पहिली अट. त्या निर्णयातून तुमचा स्वतःचा काही फायदा होण्यासारखा आहे, ही दुसरी. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की संघर्ष उभा राहिला. त्यासाठी काही गैर घडावं लागत नाही.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. 'तुमचे हितसंबंध गुंतलेत' असं म्हटलं की समोरच्याला वाटतं आपल्याला चोर म्हटलं. मग तो उखडतो, आपली तीस वर्षांची स्वच्छ कारकीर्द सांगतो, आणि चर्चा त्याच्या चारित्र्यावर जाते. खरं तर प्रश्न तो कुठे बसलाय याचा असतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हे एका खटल्यात फार नेमकं सांगितलंय. 'ए. के. क्रायपाक विरुद्ध भारत सरकार' हा तो खटला. जम्मू-काश्मीरच्या वनखात्यातल्या अधिकाऱ्यांमधून भारतीय वनसेवेसाठी निवड व्हायची होती. निवड मंडळावर राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक पदसिद्ध सदस्य होते, आणि तेच एक उमेदवारही होते. स्वतःच्या नावाची चर्चा आली तेव्हा ते रीतसर बाजूला झाले. मात्र प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा चर्चेत बसले, पसंतीक्रम लावतानाही बसले. यादी लागली तेव्हा त्यांचं नाव सगळ्यात वर होतं.

सरकारचं म्हणणं असं, की मंडळावर इतरही सदस्य होते आणि या गृहस्थांनी कुणावर दबाव आणल्याचा पुरावा नाही. न्यायालयाने तो वाद घातलाच नाही. माणसाच्या मनात काय चाललंय हे सिद्ध करणं अवघड. त्या जागी बसलेल्या माणसाचा कल झुकण्याची वाजवी शक्यता आहे का, एवढंच पाहायचं. शक्यता होती. निवड रद्द झाली. स्वतःपुरतं पाच मिनिटं बाहेर जाऊन बसणं म्हणजे बाजूला होणं नव्हे, हेही त्यातून ठरलं, आणि आपल्या कितीतरी समित्यांना ते आजही उमगलेलं नाही.

क्रिकेटवाल्यांना हीच गोष्ट वेगळ्या वाटेने कळली. भारतीय क्रिकेट मंडळाच्या नियमांत पूर्वी स्पष्ट होतं, की पदाधिकाऱ्याचा मंडळाच्या सामन्यांत व्यापारी हितसंबंध असता कामा नये. २००८ मध्ये या नियमातून आयपीएलला वगळण्यात आलं. त्यामुळे एन. श्रीनिवासन मंडळाच्या सत्तेत, आणि त्यांची इंडिया सिमेंट्स चेन्नई सुपर किंग्जची मालक, असं चित्र कागदोपत्री कायदेशीर झालं. स्पर्धेचे नियम लावणारा आणि स्पर्धेत संघ उतरवणारा एकच. २०१३ च्या सट्टेबाजीच्या प्रकरणात त्यांच्या जावयाचं नाव आलं तेव्हा चौकशी करायची कुणी, हा प्रश्न पडला, कारण चौकशी नेमणारं मंडळही त्यांचंच. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नियमदुरुस्तीच रद्द केली. पुढे न्यायालयानेच नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर नियम इतके कडक झाले, की २०१९ मध्ये राहुल द्रविडलाही नोटीस गेली. राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचा प्रमुख असताना तो इंडिया सिमेंट्सच्या नोकरीतून रजेवर होता, राजीनामा दिलेला नव्हता. पुढे त्याच्यावरचा आक्षेप फेटाळला गेला. द्रविडला नोटीस म्हणजे अतिरेक, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मला वाटत नाही. नियम माणूस पाहून लागू करायचा ठरला तर तो फक्त नावडत्यांनाच लागू होतो.

आता खरा अवघड भाग. प्रामाणिक माणसालाही हे लागू का करायचं?

कारण कल झुकतो तेव्हा तो झुकलाय हे आतून कळत नाही. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर या संशोधकांनी २००५ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाण्यांनी भरलेली एक बरणी. एकाने दुरून पाहून आत किती पैसे आहेत याचा अंदाज करायचा. दुसरा, म्हणजे सल्लागार, ती जवळून पाहून त्याला सल्ला देणार. काही सल्लागारांना अंदाज अचूक आला तर पैसे मिळणार होते, काहींना अंदाज जितका चढा तितके जास्त. अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या गटाचे सल्ले चढे निघाले. धक्का पुढे होता. काही जोड्यांमध्ये अंदाज करणाऱ्याला आधीच सांगितलं गेलं, की तुझ्या सल्लागाराला चढ्या अंदाजाचे पैसे मिळतात. अशा वेळी सल्लागारांनी आकडा आणखी फुगवला. आपण तर सांगून टाकलंय, आता ऐकायचं की नाही ते त्याने बघावं, असा मोकळेपणा त्यांना आला असावा. आणि ऐकणाऱ्यांनी सल्ल्यातून थोडं वजा केलं खरं, पण पुरेसं नाही. उघड सांगितल्यावर ते पूर्वीपेक्षा जास्त फसले.

'सगळं पारदर्शक करा' हा आपला आवडता उपाय आहे म्हणून हा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा. फॉर्मच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'आम्हाला यातून कमिशन मिळू शकते' छापल्याने ग्राहकाचं काम होतंच असं नाही, छापणाऱ्याचं मात्र नक्की होतं.

विम्याच्या बाबतीत भारतातच याची प्रचिती आली. शुद्ध विमा म्हणजे टर्म पॉलिसी: हप्ता कमी, संरक्षण मोठं, आणि मुदतीत जिवंत राहिलात तर पैसे परत नाहीत. याउलट बचत आणि विमा एकत्र करणाऱ्या पॉलिसींचा हप्ता कितीतरी पट मोठा, आणि पहिल्या वर्षीच्या हप्त्यातून एजंटला ३५ टक्क्यांच्या आसपास कमिशन देण्याची कायद्याने अनेक वर्षं मुभा होती. संतोष अनागोल, शॉन कोल आणि शायक सरकार या अभ्यासकांनी ग्राहक बनवून माणसं एजंटांकडे पाठवली. ज्यांना निव्वळ संरक्षण हवं होतं त्यांनाही बहुतेक एजंटांनी महागडी, कमिशनवाली पॉलिसीच सुचवली. त्यातच २०१० मध्ये युलिप, म्हणजे हप्त्याचा काही भाग बाजारात गुंतवणाऱ्या, पॉलिसींवरचं कमिशन ग्राहकाला सांगणं सक्तीचं झालं. त्यानंतर एजंटांनी युलिप सुचवणं कमी केलं, आणि जिथे कमिशन सांगावं लागत नव्हतं पण भरपूर मिळत होतं अशा दुसऱ्या पॉलिसी सुचवायला लागले.

हे एजंट म्हणजे बहुतेकदा आपल्याच ओळखीचे. शेजारचे काका, निवृत्त शिक्षक, मावशीचे दीर. ते तुम्हाला लुबाडायला आलेले नसतात. त्यांनी स्वतःलाही तीच पॉलिसी घेतलेली असते.

म्युच्युअल फंडांत सेबीने, म्हणजे भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, वेगळी वाट धरली, आणि मला ती जास्त पटते. पूर्वी दहा हजार गुंतवले की साधारण सव्वादोन टक्के, म्हणजे २२५ रुपये, सुरुवातीलाच कापले जात आणि त्यातून वितरकाला पैसे मिळत. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने ही कपात बंद केली. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला 'डायरेक्ट' योजना देणं भाग पाडलं. तिच्यात मध्यस्थ नाही, म्हणून त्याचा खर्चही नाही. मध्यस्थामार्फतची योजना आणि डायरेक्ट योजना यांच्या परताव्यात वर्षाला एक टक्क्याचा फरक धरला, तर महिना १०,००० रुपयांच्या एसआयपीवर वीस वर्षांत काय होतं? वर्षाला १२ टक्के परताव्याने जवळजवळ १ कोटी जमतात, ११ टक्क्यांनी सव्वासत्याऐंशी लाखांच्या आसपास. फरक साडेबारा लाखांचा. हे साडेबारा लाख वाया जातात असं मी म्हणणार नाही. बाजार कोसळल्यावर 'आत्ता विकू नका' असं फोन करून सांगणारा वितरक तेवढी किंमत वसूल करून देतोही. आपण ते कशासाठी देतोय हे मात्र माहीत असायला हवं. ज्याला सल्ला हवा त्याने सल्लागाराला स्वतःच्या खिशातून फी द्यावी आणि डायरेक्ट योजना घ्यावी, ही सोयही आता आहे. पण बिलावर छापलेली पाच हजारांची फी माणसाला टोचते, न दिसणारे साडेबारा लाख टोचत नाहीत, आणि अख्खा कमिशनचा व्यवसाय याच स्वभावावर उभा आहे.

मोठ्या व्यवहारांतही गणित हेच. कंपनीने काढलेले रोखे किती सुरक्षित आहेत, याचा दर्जा ठरवणाऱ्या पतमानांकन संस्थांना फी देते ती रोखे काढणारी कंपनीच. परीक्षार्थीने परीक्षक निवडायचा आणि त्याची फीही भरायची. आयएल अँड एफएस या मुंबईच्या कंपनीला २०१८ च्या ऑगस्टपर्यंत सर्वोच्च 'एएए' दर्जा होता. सप्टेंबरमध्ये ती पैसे फेडू शकली नाही आणि काही आठवड्यांतच दर्जा सगळ्यात खालच्या 'डी'वर आला. समूहाचं कर्ज ९१,००० कोटींच्या घरात. यात सगळा दोष फीच्या पद्धतीचा असं म्हणणं धाडसाचं होईल, पण ही पद्धत माहीत असलेल्या कुणालाही फार नवल वाटलं नसेल.

पुन्हा कटकडे येतो, कारण तिथे एक गाठ आहे जी विम्यात नाही. कमिशन देणं आणि घेणं दोन्हीला २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत सरळ मनाई आहे. म्हणजे नियम नाही असं नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कटविरोधी कायद्याचा मसुदाही करून घेतला. कायदा झाला नाही. त्याच वर्षी मुंबईत एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने 'प्रामाणिक मत, डॉक्टरांना कमिशन नाही' अशा आशयाचे फलक लावले, तर डॉक्टरांच्या संघटनेने त्या फलकांवरच आक्षेप घेतला. बाकीचे अप्रामाणिक आहेत असा त्यातून अर्थ निघतो, हा राग समजण्यासारखा आहे. रुग्णांनी तो वाचून मान डोलावली, हेही समजण्यासारखंच.

समजा एखादी तरुण शल्यविशारद सांगलीत किंवा नाशकात वीस खाटांचं रुग्णालय काढते. बँकेचं कर्ज, यंत्रांचे हप्ते, परिचारिकांचे पगार. रुग्ण येतात ते आसपासच्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या चिठ्ठीवर. तिने कट द्यायला नकार दिला तर चिठ्ठ्या दोन गल्ल्या पलीकडच्या रुग्णालयात जातात. मग ती कट देते, वाईट आहे म्हणून नव्हे, टिकायचंय म्हणून. मग तो खर्च भरून काढायला बिल वाढतं, किंवा एखादी जास्तीची तपासणी होते, आणि तीही कुठे पाठवायची ते ठरलेलं असतं. दुसऱ्या बाजूला त्या जनरल प्रॅक्टिशनरला दहा मिनिटं तपासून मिळतात शे-दोनशे रुपये, आणि रुग्ण तेवढ्यावरही घासाघीस करतो. सल्ल्याची किंमत आपण दिली नाही म्हणून ती दुसऱ्या कुणीतरी दिली, आणि मग सल्लाही त्याचा झाला. एकट्या डॉक्टरला 'तुम्ही घेऊ नका' सांगून हे सुटत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी थांबावं लागतं, आणि ते बाहेरच्या दट्ट्याशिवाय होत नाही.

असा एक दट्ट्या २०२२ मध्ये अनपेक्षित दिशेने आला, आयकर खात्याकडून. अपेक्स लॅबोरेटरीज या औषध कंपनीने डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा ४.७२ कोटींचा खर्च व्यवसायखर्च म्हणून वजावटीला दाखवला होता. कंपनीचा युक्तिवाद असा, की भेटी घ्यायला बंदी डॉक्टरांवर आहे, द्यायला बंदी कंपन्यांवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: घेणं निषिद्ध असेल तर त्यासाठी देण्यावर करसवलत मिळणार नाही. भेटी यामुळे बंद झाल्या नाहीत, महाग झाल्या. नीतीच्या व्याख्यानांपेक्षा असे छोटे, कोरडे बदल मला जास्त कामाचे वाटतात.

हितसंबंध पूर्ण पुसून टाकता येत नाहीत, हेही सांगायला हवं. शस्त्रक्रियेमागे पैसे मिळणाऱ्या सर्जनला शस्त्रक्रिया करण्यात रस असणारच. ठरावीक पगारावरच्या सर्जनला ती टाळण्यात असू शकतो. तालुक्याच्या गावात एकच डॉक्टर आणि औषधांचं दुकानही त्याचंच असेल, तर ते बंद करून रुग्णाला चाळीस किलोमीटर पाठवण्यात शहाणपण नाही. अशा ठिकाणी पर्याय खुला ठेवणं एवढंच करता येतं: औषधाचं मूळ नाव लिहून द्यायचं आणि कुठूनही आणा म्हणायचं.

आपण स्वतः या खुर्चीत बसतो तेव्हा काय करतो, हा भाग लोक भराभर ओलांडतात. घरातलं फर्निचर करताना सुतार ठरावीक ब्रँडचंच प्लायवूड आणायला सांगतो, कारण त्यावर त्याला पॉइंट मिळतात, आपण कुरकुरतो. मग संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मित्रांना एखाद्या ॲपची लिंक पाठवतो, 'मस्त आहे, माझा कोड वापर'. आपल्या बिल्डरच्या नव्या प्रकल्पात ओळखीचं गिऱ्हाईक आणलं की मिळणाऱ्या रकमेबद्दल त्या ओळखीच्याला सांगत नाही. हा कटच आहे, फक्त डॉक्टरच्या जागी आपण आहोत. इथे 'मला यातून इतके मिळतात' हे एक वाक्य बोलून पाहावं. बोलताना जीभ अडखळली तर बरंच काही कळतं.

दुसऱ्याकडून सल्ला घेताना तर प्रश्न अजून सरळ आहेत. मी हे घेतलं तर तुम्हाला किती मिळतात? मी काहीच घेतलं नाही तर? आणि हेच काम दुसरीकडून करून घेतलं तर तुमचं मत बदलेल का? रागाने विचारायची गरज नाही, भाव विचारतो तसे विचारावेत. चांगला वितरक आकडा सांगतो. जो 'आपल्यात कसलं कमिशन' म्हणतो त्याच्याकडे जरा जपून.

आणि सोसायटी. कमिटीतल्या एखाद्याचा मेहुणा रंगकाम करतो आणि इमारत रंगवायची आहे, ही परिस्थिती महाराष्ट्रात इतकी सर्रास आहे की आदर्श उपविधींमध्येच समिती सदस्याला संस्थेच्या कंत्राटात हितसंबंध ठेवायला मनाई आहे. तरी मेहुण्याचं कोटेशन खरंच सगळ्यात स्वस्त असेल आणि कामही चांगलं असेल, तर? रीत अशी: नातं पहिल्याच सभेत बोलून दाखवायचं आणि इतिवृत्तात लिहून घ्यायचं. कोटेशनं बंद पाकिटात मागवायची आणि ती दुसऱ्या कुणी उघडायची. त्या सदस्याने फक्त मतदानालाच नाही, तर इतर कोटेशनांच्या छाननीलाही बसायचं नाही. वनसंरक्षकांचं जे चुकलं ते तेवढंच होतं. कामाची तपासणी आणि बिल मंजुरीही त्याच्याकडे नको. एवढं करूनही जिन्यात कुजबुज होणारच असेल, आणि दुसरं कोटेशन चार-पाच टक्क्यांनीच महाग असेल, तर ते दुसरं घ्यावं. इमारतीला त्यात थोडे पैसे जास्त पडतात. पुढच्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ठराव येतो तेव्हा सभा अर्ध्या तासात उरकते.